कोपरा पिवळा, बाकी लाल

जादूच्या खेळासाठी रेशमी रुमालाचा काही भागच रंगवणे ही रंगारीकामाची एक लहान, उपेक्षित आणि बरीच चिडखोर शाखा आहे. लहान अशासाठी, की वेगळ्या रंगाचा तुकडा चार बोटांहून मोठा नसतो. उपेक्षित अशासाठी, की काम चांगले झाले तर ते कोणाला दिसत नाही आणि दिसले तर ते चांगले झालेले नसते. चिडखोर कशासाठी, ते पुढे येईलच. पलूस, किर्लोस्करवाडी, कुंडल, भिलवडी या पट्ट्यात शाळेचे स्नेहसंमेलन, गणेशोत्सव, पतसंस्थेचा वर्धापनदिन आणि कोणाच्या तरी नातवाचा पहिला वाढदिवस अशा प्रसंगी हौशी जादूगाराला मागणी असते. जादूच्या रुमालांचे दुकान मात्र गावच्या पेठेत नसते. बाहेरून मागवलेला रुमाल नेमका कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी पोचतो. त्यामुळे हा उद्योग बहुधा स्वयंपाकघरात, घरची माणसे बाहेरगावी गेलेली असताना केला जातो.

ज्या खेळासाठी असा रुमाल लागतो त्याला जादूगारांच्या जगात ‘विसाव्या शतकाचे रुमाल’ असे भारदस्त नाव आहे. अमेरिकेतला जादूगार आणि जादूच्या सामानाचा व्यापारी फ्रँक ड्यूक्रो याच्या नावावर तो मांडला जातो. नवे शतक दारात उभे असताना, १९०० च्या आसपास तो निघाला, म्हणून हे नाव. ते शतक कधीच सरले, नाव बदलण्याची तसदी कोणी घेतलेली नाही. खेळ असा: जादूगार दोन पिवळे रुमाल टोकाला टोक लावून बांधतो आणि काचेच्या पेल्यात ठेवतो. तिसरा लाल रुमाल मुठीत कोंबतो, फुंकर मारतो, मूठ उघडतो, मूठ रिकामी. मग पेल्यातल्या पिवळ्या रुमालाचे टोक धरून हिसका देतो, तर दोन पिवळ्यांच्या मधोमध लाल रुमाल गाठींसकट लोंबत असतो.

लाल रुमाल मुठीतून पेल्यात जात नाही, हे पाचवीतल्या मुलालाही ठाऊक असते. त्याला ठाऊक नसते ते एवढेच, की मधला लाल रुमाल दुसराच असून तो आधीपासूनच तिथे हजर असतो. एका पिवळ्या रुमालाच्या घडीत एक चोरकप्पा शिवलेला असतो. लाल रुमालाचे एक टोक या पिवळ्या रुमालाच्या टोकाला जोडून बाकीचा लाल रुमाल त्या कप्प्यात भरतात आणि त्याचे दुसरे टोक तेवढे बाहेर ठेवतात. हे बाहेरचे टोक लाल असून कसे चालेल? ते पिवळे हवे. प्रेक्षक त्याला पिवळ्या रुमालाचेच टोक समजतात, जादूगार त्यालाच दुसरा पिवळा रुमाल बांधतो आणि पुढचे काम हिसका करतो. माणसाला टोक दिसले, की उरलेले तो मनाने पुरे करून घेतो. लग्नघराची रस्त्याकडची भिंत तेवढी ऑइलपेंटने रंगवली, की वरपक्ष सगळे घर नवे धरून चालतो, तसेच हे. चार बोटांच्या पिवळ्या थापेवर सगळा खेळ उभा असतो.

गुपित फोडले म्हणून कोणी रागावण्याचे कारण नाही, ते फार पूर्वीच छापून झाले आहे. रागावण्याची परंपरा मात्र आहे. रुमालाचे रंग बदलण्याच्या खेळांशी ज्याचे नाव जोडले जाते तो इंग्रज जादूगार डेव्हिड डेव्हंट याने आपल्या युक्त्या छापल्या, म्हणून लंडनच्या मॅजिक सर्कल या जादूगारांच्या मंडळाने त्याचे सदस्यत्व रद्द केले होते. या मंडळाचा पहिला अध्यक्ष तोच होता. पुढे अमेरिकेत हॅरल्ड राइस यांनी १९४८ पासून नुसत्या रेशमी रुमालांच्या जादूवर विश्वकोशाचे जाडजूड खंड काढले आणि त्यांना कोणी काही म्हटल्याचे दिसत नाही. इतकी पाने वाचून गुपित शोधणाऱ्याला ते मिळावे, असेच बहुधा सगळ्यांना वाटले असावे. मराठी मुलखात चाकणजवळच्या आंबेठाणचे रघुवीर भोपळे (१९२४–१९८४) ‘जादूगार रघुवीर’ या नावाने गाजले, देशोदेशी हिंडले. मोठ्या जादूगाराच्या दिमतीला माणसे असतात, पेटारे असतात. पलूसच्या हौशी जादूगाराकडे एक पत्र्याची पेटी आणि घरच्यांची नाराजी असते.

पहिले काम रेशीम मिळवण्याचे. हे वाटते तितके सोपे नाही. दुकानात ‘सिल्क’ म्हणून जे समोर टाकले जाते त्यातले पुष्कळसे पॉलिएस्टर असते आणि त्याच्यावर रेशमाचा रंग चढत नाही. ओळखण्याची खात्रीची परीक्षा म्हणजे धागा जाळून पाहणे. खरे रेशीम केस जळल्यासारखा वास सोडते आणि त्याची राख बोटांत चुरगळते. पॉलिएस्टर वितळते आणि त्याची काळी कडक गोळी होते. परीक्षेसाठी एक धागा पुरतो. तरी उत्साहाच्या भरात रुमालाचा कोपराच मेणबत्तीवर धरला जातो आणि रेशीम अस्सल असल्याचे कळते तेव्हा रंगवायला कोपरा उरलेला नसतो.

जादूला लागते ते झिरझिरीत, हलके रेशीम. रेशमाचे वजन ‘मोमे’ या जपानी मापात सांगतात. एक मोमे म्हणजे चौरस मीटरला साधारण ४.३४ ग्रॅम. जादूचा रुमाल सहसा पाच ते आठ मोमेचा असतो. पाच मोमेचा अठरा इंची चौकोनी रुमाल भरतो जेमतेम साडेचार ग्रॅम, म्हणजे अर्ध्या तोळ्याहूनही कमी. तो मुठीत मावतो, सोडला की फुलतो आणि पंखा चालू असेल तर स्वतःहून अदृश्य होतो. पैठणीच्या पदराचे रेशीम या कामी निरुपयोगी आहे. घरातल्या कपाटाकडे त्या नजरेने पाहणाऱ्याने हे आधी लक्षात घ्यावे. नंतर लक्षात आणून दिले जातेच.

कच्च्या रेशमाच्या वजनात साधारण पाव हिस्सा नुसता डिंकासारखा चिकट पदार्थ असतो. किडा आपला कोश त्यानेच चिकटवतो. साबणाच्या गरम पाण्यात हा पदार्थ निघून जातो आणि मगच रेशमाला चमक व मऊपणा येतो. बाजारातला रुमाल बहुधा या अवस्थेतून गेलेला असतो, तरी त्याला खळ दिलेली असते. ती कोमट पाण्यात धुऊन काढावी. खळीच्या जागी रंग बसत नाही आणि तिथे नकाशातल्या बेटांसारखे पांढरे ठिपके उरतात.

रंगाच्या बाबतीत निसर्गाने रेशमावर विशेष कृपा केली आहे. रेशीम हे लोकर आणि केसांसारखे प्रथिन असल्यामुळे आम्लाच्या सोबतीने कितीतरी रंग त्याला आपोआप चिकटतात. या रंगांना आम्लरंगच म्हणतात. रंगाची पूड, गरम पाणी आणि दोन-तीन चमचे व्हिनेगर एवढ्या साहित्यावर भागते. पाणी चांगले कढत हवे, उकळते नको; खळखळ उकळले तर रेशमाची झिलई जाते. जिलेबीला घालायचा केशरी रंग किंवा आइसफ्रूटचा लाल रंग हेही याच कुळातले. त्यामुळे किराणा दुकानातल्या खाण्याच्या रंगावरही रुमाल सुरेख रंगतो. उन्हात तो फार दिवस टिकत नाही, पण स्नेहसंमेलनापुरता टिकतो.

प्रमाण मात्र डोके चालवून घ्यावे लागते. रेशमाच्या वजनाच्या दोन टक्के रंग पुरतो, म्हणजे साडेचार ग्रॅमच्या रुमालाला ग्रॅमच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. दहा ग्रॅमच्या एका पुडीत शंभरावर रुमाल निघतील. हौशी जादूगार अख्खी पुडी ओततो. उरलेला रंग कुठे जातो, याचे उत्तर मोरी, ओटा, फरशी आणि जादूगाराचे दोन्ही हात देतात. हातांचे कारण शास्त्रीय आहे. माणसाची कातडीही प्रथिनच, तेव्हा रंगाला रुमाल आणि बोटे यांत फरक करण्याचे कारण नसते. रुमाल रंगवल्यावर दोन दिवस जादूगाराने ‘माझ्या हातात काही नाही’ असे म्हणत तळवे दाखवू नयेत.

भांडे स्टीलचे किंवा काचेचे घ्यावे. जर्मनचे पातेले व्हिनेगरने खराब होते, लोखंडी कढईत रंग काळवंडतो. एकदा दुकानच्या रंगासाठी वापरलेले पातेले पुन्हा चहाला घेऊ नये. हा नियम पाळला नाही तर घरातला सगळा चहा काही दिवस संशयाने प्यायला जातो.

पिवळा रंग म्हटल्यावर सांगली जिल्ह्यात दुकानात जायची गरज काय, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि हळद रेशमावर कोणतीही मध्यस्थी न घेता चढते. रंग तेजस्वी येतो, खर्च नाही, वासही ओळखीचा. दोष दोन. पहिला, उन्हात हळद भराभर उडते. दुसरा, साबण लागताच ती लाल होते. हळदीत चुना कालवून कुंकू करणाऱ्यांना हे नव्याने सांगायला नको. म्हणजे हळदीचा पिवळा कोपरा धुवायला काढला, की तो बाकीच्या रुमालासारखा लाल होतो आणि सगळी मेहनत एका वडीत फुकट जाते. अर्थात हाच प्रकार एखाद्या बुवाच्या हाती लागला तर त्याचा चमत्कार होईल. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. तिचे कार्यकर्ते शाळाशाळांतून असेच प्रयोग दाखवत आले आहेत: सुरीला आधी मिथिल ऑरेंज लावून ठेवायचे आणि लिंबू कापले की त्यातून ‘रक्त’ काढायचे. लिंबाचे आम्ल लागले की तो रंग लाल होतो, इतकेच. म्हणजे एकाच रसायनावर तिघांचे भागते. बुवा ते लपवतो आणि दक्षिणा घेतो, कार्यकर्ता ते करून दाखवतो आणि समजावून सांगतो, जादूगार ते लपवतो पण खोटे आहे हे आधीच कबूल करतो. चौथा तो रंगारी. त्याला पुन्हा रंगवावे लागते.

आता या शास्त्राचा मुख्य भाग. नवशिका लाल रुमाल घेतो आणि त्याचा कोपरा पिवळ्या रंगात बुडवतो. कोपरा लालच राहतो, फार तर थोडा अधिक लाल होतो. रेशमाचा रंग पारदर्शक असतो. तो भिंतीच्या डिस्टेंपरसारखा खालचा रंग झाकत नाही, त्याच्यात मिसळतो. लालावर पिवळा कधीच चढत नाही, पिवळ्यावर लाल चढतो. यातून या विद्येचा पहिला आणि सर्वांत उफराटा सिद्धांत निघतो: कोपरा रंगवायचा असेल तर कोपऱ्याला हात लावायचा नाही. आधी सगळा रुमाल पिवळा करायचा, मग कोपरा सांभाळून बाकीचा रुमाल लाल करायचा. ज्याला चार बोटे रंगवायची आहेत त्याला चार बोटे सोडून सगळे रंगवावे लागते. हा सिद्धांत पटायला बहुतेकांचा एक रुमाल खर्च होतो.

कोपरा सांभाळणे हे काम सांगायला सोपे आहे. रुमालाचे टोक काठीला बांधून बाकीचा रुमाल लाल पाण्यात सोडावा, असे कोणालाही सुचते. पण रंग शिडीवाचून चढतो. रेशमाच्या धाग्यांमधल्या सूक्ष्म फटी पाणी वर ओढून घेतात, दिव्याची वात तेल ओढते त्याच नियमाने, आणि पाण्यासोबत लालही वर येतो. पाहता पाहता चार बोटांची तीन होतात, तिनांची दोन. त्यात कोपऱ्याची सीमा तिरकी. रुमालाचे धागे उभे-आडवे, सीमा मात्र प्रत्येक धाग्याला तिरकी कापत जाणारी. तेव्हा प्रत्येक धागा आपापल्या मर्जीने रंग थोडा पुढे नेतो आणि सरळ रेषेच्या जागी करवतीचे दाते उमटतात. दात्यांचीही एक वेळ सोय लागेल. पण दोन रंगांच्या मध्ये जो केशरी पट्टा तयार होतो तो तिसऱ्या रांगेतूनही दिसतो.

रंगाला अडवण्याचे उपाय पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाला स्वतःची खोड आहे. सर्वांत जुना म्हणजे बांधणीचा. कच्छ-राजस्थानातल्या कारागिरांनी दोऱ्याने कापड आवळून रंग रोखण्याची कला फार उंचीवर नेली आहे. हौशी माणसाने कोपरा प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून सीमेवर दोरा घट्ट, जवळजवळ रागाने, आवळावा. दोरा सैल राहिला तर रंग आत शिरतो. फार आवळला तर रेशीम कापले जाते. शिवाय बांधणीची गंमतच तिच्या फिसकटलेल्या कडांत आहे. साडीवर जी नजाकत ठरते ती इथे चोरी पकडून देते.

दुसरा उपाय मेणाचा. सीमेवर पातळ मेण लावले की रंग तिथे थांबतो. बाटिक याच तत्त्वावर चालते. पण बाटिक गार रंगात करतात आणि आम्लरंगाला कढत पाणी लागते. मेणबत्तीचे मेण साठ अंशांच्या आतबाहेर वितळते. परिणामी पाणी तापले की पहारेकरी सर्वांत आधी पळतो आणि जाताना सगळ्या रुमालाला तेलकट करून जातो.

तिसरा उपाय डिंकाचा आणि तोच अखेर उपयोगी पडतो. लाल रंग पातेल्यात न सोडता गवारीच्या डिंकात घोटून लापशीसारखा दाट करावा. रुमाल चौकटीवर ताणून, सीमेपासून बाहेरच्या बाजूला ब्रशने तो लावत जावे. दाट रंग धाग्यातून पळत नाही, जिथे ठेवला तिथे बसतो. वाळल्यावर रुमाल कोऱ्या कागदात गुंडाळून वाफवावा लागतो, कारण रंग पक्का व्हायला वाफेचीच उष्णता हवी. वाफवण्यासाठी घरात एकच योग्य भांडे असते आणि ते मोदकपात्र. गणेशोत्सवाच्या तोंडावर हा उद्योग काढू नये. काढलाच तर त्या भांड्यात पुन्हा मोदक करू नयेत, नवे मोदकपात्र आणावे आणि रुमालाच्या खर्चात ते धरावे. खर्च धरला, की बाहेरून मागवलेला रुमाल स्वस्त पडला असता, हे लक्षात येते.

रंगवण्याच्या भानगडीत न पडता पिवळ्या कापडाचा तुकडा कापून लाल रुमालाला शिवून टाकणे, हाही मार्ग आहे आणि पुष्कळ धंदेवाईक जादूगार तोच पत्करतात. शिवण बारीक हवी, दोरा रेशमी हवा आणि शिंपी पोटात गोष्ट ठेवणारा हवा. यातली तिसरी अट तालुक्याच्या गावात पुरी होणे अवघड.

कापडावर काढायच्या तयार रंगांचा मोह टाळावा. त्या रंगात रंगद्रव्याबरोबर चिकटणारा पदार्थ असतो, तो धाग्यात मुरत नाही, वर बसतो. असा कोपरा पुठ्ठ्यासारखा ताठ होतो. मुठीत कोंबला तर करकरतो आणि सोडला तर घडी पडलेल्या अवस्थेतच बाहेर येतो. मार्कर पेनाची शाई रेशमावर टेकताक्षणी गोल पसरत जाते आणि कोपऱ्याऐवजी सूर्योदय काढून ठेवते. त्याहून वाईट म्हणजे चुकलेला रंग ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने घालवण्याची कल्पना. क्लोरीनचे ब्लीच सुती कापडाचा रंग काढते, पण रेशमाचे प्रथिनच विरघळवते. तीव्र ब्लीचमध्ये रुमाल ठेवून थोड्या वेळाने पाहिले तर बादलीत रुमाल नसतो. या सगळ्या प्रकरणात खरोखर नाहीसा होणारा रुमाल एवढाच.

पलूसच्या माणसाला कापड अर्धवट रंगवण्याची सवय नाही, असे म्हणता येणार नाही. हा द्राक्षांचा मुलूख. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर मोरचूद आणि चुन्याच्या बोर्डो मिश्रणाच्या फवारण्या सुरू झाल्या, की बागायतदाराचा सदरा एका खांद्यावर निळा, एका बाहीवर निळसर आणि पाठीवर ठिपक्यांचा होतो. हा रंग कोणत्याही दोऱ्याने, मेणाने किंवा डिंकाने अडवलेला नसतो, तरी त्याच्या कडा स्वच्छ असतात आणि तो धुऊन जात नाही. जादूगाराला वर्षभर जे साधत नाही ते फवारणीच्या पंपाला एका सकाळी साधते. फक्त रंग निवडण्याची आणि जागा ठरवण्याची मुभा नाही.

कोपरा नुसता पिवळा होऊन भागत नाही. तो सोबतच्या पिवळ्या रुमालांइतकाच पिवळा हवा. दोन पिवळे रंग रात्री ट्यूबलाइटखाली जुळ्या भावांसारखे दिसतात आणि सकाळी अंगणात नेले की एक लिंबाचा निघतो, दुसरा आंब्याचा. वेगवेगळ्या रसायनांनी केलेले रंग एका उजेडात जुळतात, दुसऱ्या उजेडात फारकत घेतात. यावर उपाय एकच: तिन्ही रुमाल एकाच वेळी, एकाच पातेल्यात पिवळे करावेत आणि मग त्यातला एक लाल करायला घ्यावा. इतकी काळजी घेऊन जादूगार मैदानावर जातो, तर कार्यक्रम लाल कापडाच्या मांडवाखाली ठेवलेला असतो. त्या लालसर उजेडात पांढरा गुलाबी दिसतो, पिवळा केशरी दिसतो, आणि पिवळा व लाल एकमेकांच्या इतके जवळ येतात, की कोपरा रंगवला नसता तरी चालले असते.

रंग ओळखण्याच्या प्रश्नाने या भागाचा इतिहासच बदलला आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) चित्रकार व्हायला १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. दोन वर्षांनी ध्यानात आले, की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकला सुटली, यंत्रांचे आरेखन हाती आले. त्यात रंग लागत नाहीत. पुढे बेळगावात सायकलींचे दुकान झाले, लोखंडी नांगर झाला, आणि १९१० मध्ये औंध संस्थानच्या राजांनी देऊ केलेल्या कुंडल रोड स्टेशनजवळच्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. आज ती पलूस तालुक्यात आहे. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. किर्लोस्करवाडीहून १९२० मध्ये निघालेल्या मासिकाचे संपादक शंकरराव किर्लोस्कर हेही चित्रकार. म्हणजे रंग येणारी माणसे भोवती पुष्कळ होती, आणि कारखाना काढला तो रंग न येणाऱ्या माणसाने. जे. जे.मध्ये रंगांची ओळख पटली असती तर महाराष्ट्राला एक चित्रकार अधिक मिळाला असता आणि शेतकरी लाकडी नांगरावर आणखी काही वर्षे राहिला असता.

जादूगाराने यातून एवढाच बोध घ्यावा, की प्रत्येक मेळाव्यात काही पुरुष असे असतातच ज्यांना लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत. हा दोष पुरुषांत जास्त, बायकांत क्वचित. लाल रुमालाचा हिरवा करून दाखवला तर हे लोक टाळ्या वाजवत नाहीत आणि जादूगार त्यांना खडूस समजतो. लाल-पिवळा ही जोडी त्या मानाने निर्धोक. निळा-पिवळा त्याहून निर्धोक. पण निळा करायला गेल्यास पिवळ्यावर निळा चढून हिरवा होतो, आणि प्रकरण पुन्हा पहिल्या पानावर येते.

धुण्याचे पाणीही पारखून घ्यावे. कृष्णाकाठच्या बागायती पट्ट्यात बऱ्याच जमिनी क्षारपड झालेल्या आहेत आणि काही विहिरी-बोअरचे पाणी खारवट लागते. आम्लाने चढलेला रंग अल्कधर्मी पाण्यात उतरू लागतो. लाल उतरला की तो सर्वांत आधी शेजारच्या पिवळ्यावर जाऊन बसतो. म्हणून शेवटचे धुणे शक्यतो पावसाच्या किंवा फिल्टरच्या पाण्यात करावे, त्यात चमचाभर व्हिनेगर टाकावे, आणि रुमाल पिळू नये. कोपरा वर राहील असा सावलीत लटकवावा. खाली ठेवला तर सगळ्या रुमालाचे लाल पाणी ओघळून त्याच्यावरच येते. इस्त्री कोमट, उलट बाजूने.

कोपऱ्याची लांबी तीन-चार इंच ठेवतात. कमी असेल तर गाठ मारतानाच लाल डोकावतो. जास्त असेल तर हिसक्यानंतर गाठीबाहेर पिवळे कान लोंबतात आणि लाल रुमाल उगाच सशासारखा दिसतो. नेमक्या मापाचा कोपरा गाठीत गडप होतो आणि कार्यक्रमभर कोणाच्या नजरेस पडत नाही. एवढ्या खटपटीनंतर प्रेक्षकांची दाद कशी असते, हेही नोंदवायला हवे. जादूगार हिसका देतो, लाल रुमाल फडकतो, मोठी माणसे टाळ्या वाजवतात आणि पहिल्या रांगेतला पोरगा ओरडतो, ‘‘बाहीत हाय, बाहीत!’’ बाहीत काहीच नसते. जादूगार दोन्ही बाह्या कोपरापर्यंत सारून दाखवतो, पोरगा खजील होतो, आणि मास्तर त्याला खाली बसवतात. पण लगेच मागून दुसरा आवाज येतो, ‘‘सर, त्यो रुमाल हिकडं द्या की बघाया!’’ या मागणीला शास्त्रात उत्तर नाही. रुमाल तातडीने पेटीत टाकावा आणि पत्त्यांचा खेळ सुरू करावा.

असा रुमाल पेटीत घडी न घालता, सैल गुंडाळून ठेवावा. डांबराच्या गोळ्या त्याला लावू नयेत. आणि धुवायची वेळ आली तर पहिली काही धुणी तो एकटाच, वेगळ्या बादलीत धुवावा. घरातल्या शाळेच्या पांढऱ्या गणवेशांबरोबर तो भिजवला तर सगळे गणवेश गुलाबी होतात, आणि ते पुन्हा पांढरे करण्याची जादू अजून कोणाला सापडलेली नाही.